वनस्पतीच्या ऊतीत एन्झाइमचा वेग कशावर ठरतो? बटाट्याच्या एका फसलेल्या प्रयोगाच्या निमित्ताने

पुण्यातील एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बटाट्याच्या अर्कातील कॅटालेज या, हायड्रोजन पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडणाऱ्या एन्झाइमचा प्रयोग तिने जानेवारीत केला, तेव्हा ३५ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त वेग मिळाला. एप्रिलमध्ये तोच प्रयोग केला, तेव्हा २५ अंशांचे वाचन ३५ अंशांच्या वर गेले. दोन्ही वेळा तिने एकदाच अर्क केला, तो टेबलावर ठेवला आणि कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे जात वाचने घेतली. दहा अंशांनी तापमान वाढले की वेग दुप्पट होतो असे पुस्तकात आहे, पण तिला दीडपटही मिळाला नाही. ३ टक्क्यांऐवजी ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घेतले, तर वेग वाढण्याऐवजी उतरला. शेवटी आंब्याच्या पानांचा अर्क करून पाहिला, तो दहा मिनिटांत काळपट झाला आणि त्यात क्रिया जवळपास उरलीच नाही. तेव्हा वनस्पतीच्या ऊतीत एन्झाइमचा वेग नेमका कशाकशावर ठरतो, असे तिने विचारले आहे.

तुमचे आकडे चुकलेले नाहीत, हे प्रथम सांगतो. वनस्पतींच्या जीवरसायनशास्त्राची प्रात्यक्षिके घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि तुमच्या चारही निरीक्षणांना मी अनेकदा सामोरा गेलो आहे. पुस्तकातील यादी, म्हणजे तापमान, सामू (pH), सब्स्ट्रेटची म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करते त्या पदार्थाची तीव्रता, एन्झाइमचे प्रमाण आणि क्रिया रोखणारे अवरोधक, ही बरोबरच आहे. परंतु ती यादी शुद्ध करून परीक्षानळीत ठेवलेल्या एन्झाइमची आहे. ऊतीत या सगळ्यांच्या आधी एक प्रश्न उभा असतो, तो म्हणजे एन्झाइम आणि त्याचा सब्स्ट्रेट यांची गाठ पडते की नाही. वनस्पतीची पेशी या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवते. आपण सुरी लावतो किंवा खलात घोटतो, त्या क्षणी मधल्या भिंती पडतात आणि त्या खोल्यांत इतर जे काही साठवलेले असते तेही एकदम बाहेर येते. तुमच्या चार कोड्यांपैकी आंब्याच्या पानाचे कोडे थेट या भिंतींचे आहे, आणि उरलेल्या तिन्हींत घोटल्यानंतर अर्काचे काय होते याचा कमीअधिक वाटा आहे.

ही गोष्ट स्वयंपाकघरात सर्वांत स्वच्छ दिसते. कोशिंबिरीसाठी मोहरी फेसताना पाहा. कोरड्या मोहरीला वास जवळजवळ नसतो. तिची पूड करून थोडे गार पाणी घालून घोटू लागले की पहिल्या काही क्षणांत कडवट चव लागते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत ती वाफ नाकात चढून डोळ्यांत पाणी येते. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन हे गंधकयुक्त संयुग एका प्रकारच्या पेशींत असते आणि मायरोसिनेज हे एन्झाइम वेगळ्या पेशींत. दाणा चिरडल्याशिवाय आणि ओल मिळाल्याशिवाय ती दोघे भेटत नाहीत. आता याच एका क्रियेवर वेगाचे बहुतेक घटक तपासता येतात. पूड जितकी बारीक तितका झणका लवकर येतो. उकळते पाणी ओतले तर एन्झाइमच्या प्रथिनाची घडी मोडते आणि मोहरी कडू लागली तरी नाकात चढत नाही. लिंबू सुरुवातीलाच पिळले तर क्रिया मंदावते, म्हणून आधी फेसून घेऊन आंबट मागाहून घालणे योग्य. शिवाय मायरोसिनेज हे एन्झाइम ॲस्कॉर्बिक आम्लाच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या, अल्प प्रमाणाने कितीतरी पट वेगवान होते. लिंबात दोन्ही गोष्टी असतात, पण त्याचा तीव्र आंबटपणा येथे वरचढ ठरतो.

लसणाचेही असेच आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो, कारण ॲलिनेज हे एन्झाइम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रसाच्या मोठ्या पिशवीत, आणि ॲलिन हे संयुग पेशीद्रवात असते. ठेचल्यावर काही सेकंदांत ॲलिसिन तयार होऊन वास दरवळतो. कोवळ्या ज्वारीत हाच प्रकार जनावरांच्या जिवावर बेततो. तिच्या पानात धुरिन हे संयुग बाह्यत्वचेच्या पेशींच्या रिक्तिकांत असते आणि ते फोडणारे एन्झाइम आतील पेशींच्या हरितलवकांत. उभे पान निर्धोक असते, पण गाईने ते चावले की सायनाइड सुटते. या सर्व उदाहरणांत तापमान, सामू, तीव्रता यांपैकी काहीही न बदलता वेग शून्यावरून एकदम शिखरावर जातो, आणि ते केवळ भिंत पडल्यामुळे. ऊतीत काम करणाऱ्याने हा घटक पहिला मानला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आता तुमच्या बटाट्याकडे येऊ. कॅटालेज हे पेशीतील परऑक्सिसोम या सूक्ष्म पिशव्यांत राहते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक रेणू बनवते. काही गट अर्काऐवजी बटाट्याच्या फोडी वापरतात, म्हणून त्यांचे आधी सांगतो. फोड वापरली की बाहेरचे पेरॉक्साइड पेशीभित्तिका आणि पेशीपटले ओलांडून आत झिरपावे लागते, त्यामुळे मोजलेला वेग हा बराचसा झिरपण्याचा वेग असतो. एक सेंटिमीटरच्या घनाकृती फोडीचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. तिच्याच एक मिलिमीटर जाडीच्या दहा चकत्या केल्या तर ते २४ चौरस सेंटिमीटर होते. वजन तेच, एन्झाइम तेच, पण बुडबुडे कितीतरी जास्त. त्यातच कापताना फुटलेल्या पृष्ठभागावरच्या पेशींतील एन्झाइम सर्वांत आधी काम करते, म्हणून सुरी बोथट आहे की धारदार, यानेही आकडा बदलतो. तेव्हा फोडींवर काम करायचे असेल तर बूचछिद्रकाने एकाच व्यासाचे दंड काढून ब्लेडने समान जाडीच्या चकत्या कराव्यात आणि वाहत्या पाण्यात क्षणभर धुऊन घ्याव्यात. चकत्या आणखी पातळ केल्यावर त्याच वजनाला वेग वाढला, तर समजावे की आपण एन्झाइम नव्हे, झिरपणे मोजत होतो.

तुम्ही अर्क केला, ते बरे केले. पण अर्क ही स्थिर वस्तू नाही. तो तयार झाल्या क्षणापासून बदलत असतो, कारण त्यात प्रथिने तोडणारी एन्झाइमे आहेत, फिनॉल संयुगे आहेत आणि त्या फिनॉलांचे ऑक्सिडीकरण करणारे पॉलिफिनॉल ऑक्सिडेजही आहे. जानेवारीत आपल्याकडे जुन्या दगडी इमारतीतल्या प्रयोगशाळेत सकाळी वीसेक अंश तापमान असते. एप्रिलच्या दुपारी, बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असताना, त्याच टेबलावर तेहेतीस-चौतीस अंश असते. तुम्ही अर्क एकदाच केलात आणि थंडाकडून गरमाकडे गेलात. म्हणजे ३५ अंशांचे वाचन येईपर्यंत अर्काचे वय अर्धा-पाऊण तास झाले होते, आणि एप्रिलमध्ये तो सगळा वेळ तो उबदार टेबलावर मरत होता. तुमच्या आलेखाच्या आडव्या अक्षावर तापमान आहे खरे, पण त्याच्या आड अर्काचे वय लपलेले आहे. जानेवारीत त्या वयाचा परिणाम थोडा होता, एप्रिलमध्ये तो तापमानावर मात करून गेला.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. अर्क पहिल्यापासून बर्फावर ठेवावा, खल आणि बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, हेसुद्धा आधी गार करून घ्यावे. आणि तापमानांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, शिवाय शेवटी पहिल्या तापमानाला पुन्हा एक वाचन घ्यावे. ते पहिल्याशी जुळले नाही तर मधली सगळी वाचने संशयास्पद समजावीत. मी विद्यार्थ्यांकडून एक साधी चाचणी करून घेत असे. एकाच अर्काचे दोन भाग करायचे, एक बर्फात, एक टेबलावर, आणि दर दहा मिनिटांनी दोन्हींचे २५ अंशांनाच वाचन घ्यायचे. बर्फातला भाग तासभर फारसा हलत नाही आणि टेबलावरचा वाचनागणिक उतरत जातो. तो उतार एकदा स्वतःच्या हाताने आलेखावर काढला की पुढे आयुष्यात कोणी अर्क टेबलावर विसरत नाही.

येथे 'इष्टतम तापमान' या कल्पनेबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण हा शब्द एखाद्या वितळणबिंदूसारखा वापरला जातो आणि तो तसा नाही. तापमान वाढले की दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. रेणूंची हालचाल वाढून क्रिया जलद होते, आणि प्रथिनाची घडी सैल होऊन एन्झाइम निकामी होण्याचा वेगही वाढतो. निकामी होणे हे वेळेवर अवलंबून असते. तुम्ही पहिली ३० सेकंदे मोजलीत तर ४५ अंशांनाही चांगला वेग दिसू शकतो. दहा मिनिटांत जमलेला एकूण वायू मोजलात तर तेच एन्झाइम ४५ अंशांना मेलेले वाटेल आणि शिखर खाली सरकेल. म्हणून इष्टतम तापमान लिहिताना त्याच्यापुढे मोजणीचा कालावधी लिहिला नसेल, तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

दुपटीच्या नियमाचे म्हणाल, तर पुष्कळ एन्झाइमांना तो साधारण लागू पडतो, पण कॅटालेज हा त्यातला ठळक अपवाद आहे. पेरॉक्साइड आपोआप फुटण्यासाठी दर मोलला सुमारे ७५ किलोज्यूल ऊर्जेचा अडथळा असतो, आणि कॅटालेज तो इतका खाली आणते की तापमानाची मदत त्या क्रियेला फारशी लागतच नाही. अडथळा २३ किलोज्यूलच्या आसपास धरला तर २५ वरून ३५ अंशांना जाताना वेग गणिताने सुमारे १.३५ पट व्हायला हवा. तुम्हाला दीडपटीहून कमी मिळाला हे योग्यच होते. त्यातही गरम नळीत वायू स्वतःच प्रसरण पावतो, दर दहा अंशांना साधारण तीन टक्क्यांहून थोडा जास्त, आणि वाफेचा वाटाही वाढतो. तेव्हा वायूचे आकारमान मोजणाऱ्याने वायू गोळा होतो ती नळी तरी खोलीच्या तापमानाला ठेवावी.

तापमान नेहमी एन्झाइमवरच काम करते असेही नाही, ते सब्स्ट्रेटला मोकळेही करते. रताळे मंद आचेवर भाजले तर गोड होते आणि घाईने शिजवले तर तितके होत नाही, याचे कारण हेच आहे. रताळ्यातील बीटा-अमायलेज स्टार्चपासून माल्टोज ही साखर बनवते, पण कच्च्या स्टार्चच्या घट्ट कणांना ते फारसे हात लावू शकत नाही. साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान ते कण फुगून सैल होतात आणि तोपर्यंत हे एन्झाइम शाबूत असते, कारण उष्णता सोसण्यात ते इतर अनेकांपेक्षा काटक आहे. कंद त्या पट्ट्यात जितका वेळ राहील तितकी साखर जास्त. परीक्षानळीत या एन्झाइमला विरघळवलेला स्टार्च दिला तर ते कमी तापमानालाही काम करते. ऊतीत मात्र उष्णतेने दार उघडावे लागते.

आता पेरॉक्साइडच्या तीव्रतेकडे. मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार सब्स्ट्रेट वाढवत नेला तर वेग वाढत वाढत एका कमाल मर्यादेला टेकतो. तो उतरावा असे त्यात कुठेही नाही, म्हणून तुम्ही गोंधळलात. पण कॅटालेजच्या बाबतीत सब्स्ट्रेट हाच विध्वंसकही असतो. दर लिटरला सुमारे ०.१ मोलच्या वर पेरॉक्साइड गेले की ते एन्झाइमला मिनिटा-दोन मिनिटांत निकामी करू लागते. औषधाच्या दुकानात मिळणारे '२० व्हॉल्यूम' पेरॉक्साइड म्हणजे ६ टक्के, अर्थात दर लिटरला जवळपास १.८ मोल, त्या मर्यादेच्या अठरापट. तुमचे ३ टक्केसुद्धा नऊपट होते. एन्झाइम पहिल्या काही सेकंदांत जोरात फसफसते आणि मग गळून पडते, आणि तुम्ही तीन मिनिटांची सरासरी काढत असाल तर तीव्र द्रावणाचा वेग कमी दिसणारच.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. ही क्रिया उष्णता बाहेर टाकते. ३ टक्के पेरॉक्साइड पूर्ण फुटले आणि उष्णता बाहेर गेली नाही, तर द्रावण हिशेबाने सुमारे २० अंशांनी तापते. म्हणजे वॉटर बाथ २५ अंशांवर आहे म्हणून आपण निश्चिंत असतो आणि नळीच्या आत तापमान वर चढत असते. द्रावण ०.३ टक्के घेतले तर ही वाढ सुमारे २ अंशांवरच राहते. म्हणून ६ टक्क्यांची बाटली घेऊन ती वीसपट पातळ करा. असे २० मिलिलिटर द्रावण पूर्ण फुटल्यावर सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन देते, आणि त्यातील पहिले २ मिलिलिटर जमायला लागणारा वेळ हाच तुमचा खरा प्रारंभिक वेग. त्यानंतर सब्स्ट्रेट घटू लागतो आणि आकड्यात अनेक गोष्टी मिसळतात. बाटली जुनी आणि अर्धवट झाकलेली असेल तर तिच्यावरच्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नये, पेरॉक्साइड नुसते ठेवल्यानेही उतरते.

सामूबद्दल पुस्तके 'प्रत्येक एन्झाइमचा एक इष्टतम सामू असतो' एवढे सांगून थांबतात, ऊतीत मात्र सामू एक नसतोच. पेशीद्रव ७.२ ते ७.५ च्या आसपास असते, रिक्तिका बहुधा ५ ते ५.५ ला, आणि उजेडात हरितलवकाचा आतील द्रव ८ पर्यंत चढतो. प्रौढ पेशीचा बहुतेक भाग रिक्तिकेनेच व्यापलेला असतो, त्यामुळे घोटल्यावर मिळणारा रस रिक्तिकेच्या आंबटपणाकडे झुकतो. बटाट्याचा रस ६ च्या आसपास असल्याने कॅटालेज त्यात तग धरते. पण चुका, अंबाडी किंवा चिंचेचा कोवळा पाला साध्या पाण्यात घोटलात तर पेशीद्रवात सुखाने नांदणारी एन्झाइमे क्षणात आम्लात बुडतात. अशा पानांसाठी बफर तीव्र आणि भरपूर घ्यावे लागते, एक ग्रॅम पानाला पाच ते दहा मिलिलिटर, आणि घोटून झाल्यावर अर्काचा सामू पुन्हा तपासावा लागतो. बफरच्या बाटलीवर ७.० लिहिले आहे म्हणून अर्कही ७.० आहे असे गृहीत धरणे ही फार सर्रास होणारी चूक आहे. ट्रिस बफर वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. त्याचा सामू दर अंशाला सुमारे ०.०३ ने बदलतो, म्हणजे २५ अंशांना ७.५ ला बसवलेले द्रावण बर्फात ८.१ च्या पुढे जाते. कॅटालेजसाठी फॉस्फेट बफर सोयीचे आहे, कारण तापमानाने ते फारसे हलत नाही.

आंब्याच्या पानाचे दुखणे याहून खोल आहे. आंबा, पेरू, जांभूळ, बाभूळ यांच्या पानांत टॅनिन आणि इतर फिनॉल संयुगे भरलेली असतात. जिवंत पेशीत ती रिक्तिकेत बंद असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांबेधारी एन्झाइम लवकांत असते. खलात दोघे भेटले, हवेतला ऑक्सिजन मिळाला, की फिनॉलांची क्विनोने होतात, आणि ही क्विनोने समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतात. तुमचे कॅटालेज त्यात गुरफटले गेले. चिरलेले वांगे काळे पडते ती हीच क्रिया, आणि आपल्याकडे वांगी चिरून लगेच पाण्यात टाकण्याची पद्धत आहे ती हवा तोडण्यासाठी. रसवंतीवर उसाबरोबर लिंबू चरकात घालतात, त्याने रसाचा सामू उतरतो, एन्झाइममधील तांब्यावर सायट्रिक आम्लाची पकड बसते आणि ॲस्कॉर्बिक आम्ल तयार झालेल्या क्विनोनांना परत फिनॉल करते. तीन बाजूंनी अडवल्यामुळे रस काही काळ हिरवट राहतो. अर्क करताना मात्र लिंबाचा मार्ग आपल्याला बंद आहे, कारण आम्लाने कॅटालेजच जाईल. येथे पॉलिव्हिनिल पायरोलिडोनची न विरघळणारी भुकटी घोटतानाच पानावर टाकावी लागते. फिनॉले तिला चिकटून बसतात आणि गाळताना तिच्याबरोबर निघून जातात. भुकटी घोटल्यानंतर टाकून उपयोग नाही, नुकसान पहिल्या मिनिटातच होऊन गेलेले असते. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत आंब्याच्या पानांचे आठ-दहा अर्क असेच वाया घालवले होते आणि दोष बराच काळ पेरॉक्साइडच्या बाटलीत शोधत राहिलो होतो.

सहघटकांविषयी लांबण लावत नाही. कॅटालेजला हीम या त्याच्या लोहधारी भागातील लोह लागते, अल्फा-अमायलेजला कॅल्शियम, पॉलिफिनॉल ऑक्सिडेजला तांबे. त्यामुळे धातू पकडणारी रसायने अर्काच्या बफरमध्ये सवयीने घालण्याआधी आपल्या एन्झाइमला कोणता धातू हवा आहे, हे पाहावे. सायनाइड आणि ॲझाइड हीमवर बसून कॅटालेज बंद करतात, म्हणून बफर टिकावे यासाठी ॲझाइड घातलेले असेल तर ते या प्रयोगाला चालत नाही.

एन्झाइमचे प्रमाण हा घटक पुस्तकात एका सरळ रेषेत संपतो, ऊतीत मात्र तो हंगाम, वय आणि साठवण यांची कहाणी असतो. नाचणी भिजवून मोड आणले की दोन-तीन दिवसांत अमायलेज वाढते, म्हणून नाचणी सत्त्वाची पेज तेवढ्याच पिठाच्या साध्या पेजेपेक्षा पातळ होते. बार्लीच्या दाण्यात हे कसे घडते ते नीट उलगडलेले आहे: अंकुराकडून जिबरेलिन हे संप्रेरक दाण्यातील स्टार्चभोवतीच्या ॲल्युरोन थराला पोहोचते आणि तो थर नवीन अमायलेज बनवू लागतो. उसात शेंड्याकडची कोवळी पेरे पाणचट लागतात, कारण वाढत्या पेरांत आम्लप्रिय इन्व्हर्टेज जोरात असते आणि आलेली साखर ते ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये मोडत राहते. बुडख्याकडे ते ओसरते आणि साखर साठते. ऊस तुटला की तोल पुन्हा बिघडतो. फडात किंवा गाडीत, उन्हात, जितके तास जातील तितकी साखर मोडते आणि कारखान्यातील साखरेचा उतारा घटतो, म्हणून तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला जावा असा आग्रह धरला जातो.

तुमच्या बटाट्यालाही असाच इतिहास आहे. मंचर-खेड भागातून थेट आलेला बटाटा आणि शीतगृहात महिनोन्महिने राहिलेला बटाटा, हे प्रयोगासाठी दोन वेगळे पदार्थ आहेत. शीतगृहात दोन ते चार अंशांना वाढीचा वेग मंदावतो, पण इन्व्हर्टेजचे काम चालू राहून कंदात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज साचतात. अशा बटाट्याचे उपवासाचे वेफर्स तळले की करपल्यासारखे तपकिरी होतात. हा तपकिरी रंग साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील तळणीतल्या क्रियेचा आहे, चिरल्यावर येणाऱ्या काळेपणाशी त्याचा संबंध नाही, जरी दोन्हींना घरी 'बटाटा खराब आहे' असेच म्हटले जाते. तोच बटाटा पंधरा-वीस अंशांना दोन-तीन आठवडे ठेवला तर साखर बरीच उतरते. एन्झाइमच्या प्रयोगासाठी दोन्ही हंगामांत एकाच प्रकारे साठवलेले, मोड न आलेले कंद घ्यावेत आणि सालीखालच्या थराचा व मधल्या गराचा भाग मिसळू नये, कारण दोन्हींत एन्झाइमांचे प्रमाण सारखे नसते.

पानांवर काम कराल तेव्हा उजेडाचाही हिशेब ठेवावा लागेल. नायट्रेटचे नायट्राइट करणारे नायट्रेट रिडक्टेज हे एन्झाइम उजेडात जागे असते आणि अंधारात काही मिनिटांत त्यावर फॉस्फेट बसून ते झाकले जाते. सकाळी अकराला तोडलेले पान पिशवीत घालून दुपारी चारला घोटले, तर हाती येणारा आकडा त्या झाडाचा नसून पिशवीतल्या अंधाराचा असतो. आणि पावसाळ्यातील रसरशीत पान व मे महिन्यातील कोमेजलेले पान यांची तुलना ताज्या वजनावर करू नये. एक मिलिग्रॅम प्रथिनामागे किंवा कोरड्या वजनामागे वेग काढावा.

प्रयोग पुन्हा कराल तेव्हा एक नियंत्रण नळी नक्की ठेवा, उकळलेल्या अर्काची. अर्क दहा मिनिटे उकळून गार करा आणि त्याच पेरॉक्साइडमध्ये घाला. कॅटालेज मेल्यावरही थोडे बुडबुडे येतील, कारण अर्कातील लोहासारखे धातू पेरॉक्साइडला हळूहळू फोडतात; तेवढा आकडा प्रत्येक वाचनातून वजा करायचा. मात्र उकळल्याने सर्वच एन्झाइमे सारखी जातात असे समजू नका. पेरॉक्सिडेज हे पेरॉक्साइड वापरणारे दुसरे एन्झाइम फार चिवट असते. पुरंदरचा मटार साठवणीला टाकण्याआधी उकळत्या पाण्यातून काढतात तो चव आणि रंग बिघडवणारी एन्झाइमे मारण्यासाठी, आणि खाद्य उद्योगात हे काम पुरे झाले की नाही ते पेरॉक्सिडेज उरले आहे का यावरूनच तपासतात, कारण ते गेले असेल तर बाकीची आधीच गेलेली असणार.

राहिला प्रश्न जानेवारी आणि एप्रिलच्या जुन्या आकड्यांचा. त्यांची सरासरी काढू नका आणि एप्रिलचे पान फाडूनही टाकू नका. जर्नलमध्ये दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावा, प्रत्येकाखाली खोलीचे तापमान, अर्क तयार केल्याची वेळ आणि प्रत्येक वाचनाची वेळ लिहा. मग एप्रिलची तीच वाचने तापमानाऐवजी अर्काच्या वयासमोर मांडून तिसरा आलेख काढा.